खोटी बाटली

आमच्या चर्चच्या पाळकांनी मला सांगितलं, "पालकांच्या सभेत तुमच्या नणंदबाई बोलणार आहेत. त्यांची ओळख तुम्ही करून द्या. चार चांगले शब्द." पाळक भला माणूस आहे, पण कोणाकडे काय मागावं हे त्याला कळत नाही. वन्संबद्दल चार चांगले शब्द, आणि तेही माझ्याकडून? लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून आमचा छत्तीसचा आकडा. मी व्यासपीठावर उभी राहिले, म्हटलं, "ह्या माझ्या नणंद. बाटल्यांच्या कारखान्यात होत्या. यांच्याशी जरा जपून बोला," आणि खाली येऊन बसले. लोक हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्या हसत नाहीत.

उरलेलं इथे सांगते. कारण त्या सभेनंतर दर रविवारी कोणी ना कोणी आई मला चर्चच्या जिन्यात गाठते आणि हळूच विचारते, "तुमची मुलगी तिथून परत आली कशी हो?" प्रार्थनेने, असं उत्तर तिला हवं असतं. प्रार्थना मी केली. गुडघ्यांना घट्टे पडेपर्यंत केली. देवाने ऐकली नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याने मदतीला पाठवलं कोणाला, तर या बाईला! आता देवापुढे कोणाचं काय चालतं.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची मोठी बहीण. राहतात आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, एका खोलीत. लग्न केलं नाही. शाळा सुटली ती थेट काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात, आणि निवृत्त होईपर्यंत काम एकच, तपासणी. अंधारी खोली, समोर दुधी काचेमागे पांढरा उजेड, आणि त्या उजेडापुढून पट्ट्यावर बाटल्या चालल्यात, एकीच्या मागे एक. तिथे बसून बघायचं. कुठे बुडबुडा, कुठे केसाएवढी चीर, कुठे तोंडाला टवका, कुठे तळ वाकडा. दिसली की उचलायची आणि मागच्या पिंपात फेकायची. फुटल्याचा आवाज आला की पुढची. बोलायचं नाही, मान वळवायची नाही. अशा नोकरीत माणूस एकतर वेडं होतं, नाहीतर वन्सं होतं.

त्या कारखान्याची एक रीत होती. चांगल्या बाटल्या बराच वेळ सलग येत राहिल्या की तपासणाऱ्याचा डोळा उघडाच्या उघडा झोपतो. बघत असतो, पण दिसत काही नसतं. म्हणून सुपरवायझर कोणाला न सांगता मधेच एक खराब बाटली पट्ट्यावर सोडायचा. मुद्दाम. तळाला लाल ठिपका मारलेला, बसलेल्याला दिसणार नाही असा. तिला सगळे खोटी बाटली म्हणायचे. ती ज्याच्या समोरून निसटली, त्याला उठवून खोकी भरायला पाठवायचे. वन्संच्या समोरून एकही निसटली नाही, असं त्या स्वतःच सांगतात. दुसरं कोण सांगणार? तिथल्या प्रत्येकाशी त्यांचं भांडण झालेलं.

हा डोळा त्यांनी कारखान्यात ठेवून घरी यावं ना! छे. माझा कपडे दुरुस्तीचा धंदा आहे. चेन बसवायची, कंबर सैल करायची, बाही आखूड करायची. पुढच्या खोलीत मशीन, गिऱ्हाईक दाराशी. गिऱ्हाईक कपडा हातात घेतंय आणि मागून आवाज येतो, "इथे टाका सुटलाय." सुटलेला असतोच. पण म्हणून ते गिऱ्हाइकासमोर बोलायचं? मी रागाने लाल व्हायचे. आमचे हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. हे शाळेची बस चालवतात, स्वभावाने थंड, आणि गुडघा गेलेला. जिना चढायचा म्हटला की आधी खाली उभं राहून वर बघणार, उसासा टाकणार, मग चढणार. आम्हा दोघींच्या भांडणात पडायचं धाडस त्या गुडघ्यात नव्हतं, ह्यांच्यातही नव्हतं.

आता मिरची. मिरची म्हणजे आमची एकुलती एक. खरं नाव बारशाच्या दिवशी वापरलं तेवढंच, कारण बोलायला लागली ती उलटंच बोलायला लागली. "दूध पी" म्हटलं की "तूच पी." एका हाकेत कधी आली नाही. आणि आत्याची लाडकी. दोघी एकाच माळेचे मणी.

वन्सं तेव्हा चर्चमध्ये संडे स्कूलला लहान मुलांना गोष्टी सांगायच्या. कशा सांगायच्या? प्रत्येक गोष्टीत एक खोटी बाटली. गोष्ट पवित्र शास्त्रातलीच, पण मधेच एक चूक घालायची, अगदी साळसूद चेहऱ्याने. नोहाने तारवात मासेसुद्धा भरले. दाविदाने राक्षसाला भाल्याने मारलं. ज्या पोराच्या लक्षात येईल त्याने बोट वर करून ओरडायचं, "चूक!" मग बरोबर काय ते सांगायचं. की वन्संच्या पर्समधून एक पेपरमिंट. मुलं जिवाचा कान करून ऐकायची. निम्म्या पेपरमिंट आमच्या मिरचीने खाल्ल्या, दात किडले ते त्यामुळे.

पण हे खूळ वर्गात थांबेना. एका रविवारी मोठ्यांच्या उपासनेत तेव्हाचे म्हातारे पाळक बोलता बोलता म्हणून गेले, योना तीन दिवस तारवात होता. झालं! आमची कन्या, पुढचे दोन दात पडलेली, बाकावर चढून बोट वर करून ओरडली, "चूक! माशाच्या पोटात! तारू नोहाचं!" सगळं चर्च हसलं. मला झालं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. त्या आठवड्यात मंडळीची बैठक झाली आणि वन्संना संडे स्कूलमधून काढलं. मुलांना उद्धट करतात म्हणून. मी हात वर केला होता, आणि परवानगी असती तर दोन्ही केले असते. वन्सं जाताना एवढंच म्हणाल्या, "ठीक. आता फक्त आमेन म्हणायला शिकवा. बघू कोण कोण येऊन म्हणवून घेतं."

ह्या बोलण्याकडे कोण लक्ष देतो? मीही दिलं नाही.

मिरची कॉलेजात गेली. मला काळजी कसली, तर सिनेमाची, मुलांची, दारूची, फोनची. चार आयांना असते तीच. त्या दारावर मी डोळ्यात तेल घालून बसले होते. आणि जे आलं ते दुसऱ्या दाराने, हातात बायबल घेऊन आलं. दोन मुली, साध्या कपड्यातल्या, एकीच्या पाठीला गिटार. मिरचीच्या कॉलेजातल्या. माझ्या घरी बसून गाणी म्हटली, जेवणाआधी किती सुंदर प्रार्थना केली, जेवल्यावर न सांगता भांडी घासली. मी म्हटलं, अशी पोरं आजकाल मिळतात कुठे! त्यांचं एक घर होतं, जुन्या फर्निचरच्या दुकानावर, सगळी तरुण मुलं एकत्र राहतात, प्रार्थना करतात. सांभाळणाऱ्याला सगळे 'बंधू' म्हणायचे. मी पुढे त्याला गोडबोल्या म्हणायला लागले, त्यापेक्षा वाईट शब्दही माझ्याकडे आहेत पण हे लिहिलेलं पाळकही वाचतील.

मिरची तिथे जायला लागली आणि बदलली. पहाटे उठायला लागली. फोन बाजूला पडला. गाणी बंद, हसणं कमी. आणि माझ्याशी उलट बोलणं थांबलं. "मिरची, कपडे घडी कर." "हो आई." "मिरची, इकडे ये." "आले आई." अहो, किती वर्षं मी ह्याच्यासाठी देवापुढे पदर पसरत होते! मी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. म्हटलं, प्रभूने माझ्या घरात चमत्कार केला, माझी मिरची साखर झाली. आणि काय चुकलं माझं? कोणतीही आई तेच म्हणाली असती. सगळे आमेन म्हणाले. मागच्या बाकावरून आवाज आला, "तपासून बघ."

त्या दिवशी घरी रणकंदन झालं. वन्सं म्हणाल्या, "पोरगी भांडत नाही, हे लक्षण बरं नाही. मी तिला मुद्दाम सांगितलं, की येशूला बारा शिष्य होते त्यातला एक शौल. शौल बारांत नव्हताच. ती बघत राहिली आणि म्हणाली, हो आत्या. अगं, हो आत्या म्हणाली!"

"मग काय आत्याला चावायला पाहिजे होतं?"

"हो. तिचा डोळा झोपलाय. कोणीतरी झोपवलाय."

"वन्सं, तुमच्या पोटी लेकरू नाही. तुम्हाला काय कळणार आईचं मन?"

हे मी बोलले. बोलले तर बोलले. त्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पोटी नसलं तरी तोंडावर डोळे आहेत," आणि खाली निघून गेल्या. ह्यांनी वर्तमानपत्र आणखी वर केलं.

मग जे व्हायचं तेच झालं. मिरचीने कॉलेज सोडलं आणि त्या घरात राहायला गेली. तिला तिथे नवीन नाव दिलं, ते मी तोंडाने घेणार नाही. आधी आठवड्याला फोन, मग महिन्याला, मग एके दिवशी आवाज आला, "तुम्ही माझे देहाचे आईबाप आहात. आत्म्याचं घर वेगळं आहे." हे तिचं वाक्यच नव्हे. तिच्या तोंडात कोंबलेलं होतं. मी तिथे गेले, खिडकीखाली उभी राहून हंबरडा फोडला. वरून कोणीतरी पडदा ओढला आणि सगळी मोठ्याने गाणं म्हणायला लागली. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, स्वखुशीने गेली आहे. पाळक बायबल घेऊन गेले, दुपारभर बसले, आणि तोंड उतरवून परत आले. म्हणाले, "मी एक वचन काढलं की तो तीन काढतो. आणि मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती. त्याच्याकडे बघत होती, आता पुढे काय वाटून घ्यायचं म्हणून."

शेवटी निरोप आला की येत्या रविवारी मिरची कायमची शपथ घेणार आणि तिला दूरच्या घरी पाठवणार. दूरचं घर म्हणजे समुद्रापलीकडे. तिथे गेलेल्या मुलींचे आवाज पुन्हा कोणी ऐकले नाहीत, हे दुसऱ्या एका आईने मला सांगितलं, आणि ती बाई सांगताना रडतही नव्हती, तिचं रडून संपलं होतं. घरच्यांना शेवटची एक भेट मिळणार होती. शनिवारी. रडायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, ही अट.

"ताईला घेऊन जाऊ," हे म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले.

"मुळीच नाही! ती बाई तिथे तोंड उघडेल आणि सगळं मुसळ केरात जाईल."

पण वन्सं दारात उभ्याच होत्या. म्हणाल्या, "मी भांडणार नाही. भांडण त्याला हवंच असतं. तुम्ही ओरडलात की तो पोरांना म्हणायला मोकळा, बघा, जग कसं अंगावर येतं. एक शब्द वाकडा बोलणार नाही. शपथ घेऊ?"

"नको. त्या घरात शपथा पुष्कळ आहेत," मी म्हटलं, आणि गेलो.

लांबट खोली. पांढऱ्या भिंती, जमिनीवर सतरंजी, आणि एकच खुर्ची. भिंतीवर खिळा होता, घड्याळ नव्हतं. मुली रांगेत जमिनीवर, सगळ्या पांढऱ्या झग्यात. माझा हात शिवणाचा, मला आधी दिसलं ते हे की मिरचीच्या झग्याचे खांदे उतरलेत. झगा मोठा नव्हता, पोरगी आत वाळली होती. तिच्या शेजारच्या मुलीला खोकला आला. समोर पाण्याचा तांब्या. तिने तांब्याकडे नाही, खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवरून मान हलली, मग ती पाणी प्यायली.

खुर्चीवर गोडबोल्या. वयाने फार नाही. स्वच्छ नखं, हळू आवाज, इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागावं. त्याने आमचं स्वागत केलं. मी दात आवळून बसले. ह्यांचा गुडघा जमिनीवर बसताना कडकन वाजला, आणि मिरचीने क्षणभर बापाकडे बघितलं. लगेच नजर खाली.

"आत्याबाई," गोडबोल्या म्हणाला, "तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्या. लेकीला आशीर्वादाचे दोन शब्द द्या."

वन्सं अशा साळसूद, तोंडात बोट घातलं तरी चावणार नाहीत. म्हणाल्या, "मला भाषण येत नाही. एक गोष्ट सांगते. एका माणसाला दोन मुलगे होते. धाकट्याने आपला वाटा मागितला, दूर देशी गेला, सगळं उधळलं. डुकरं राखायची पाळी आली. मग शुद्धीवर आला आणि घराकडे निघाला. बाप घरात बसला होता. त्याने मुलाला येताना पाहिलं, पण जागचा हलला नाही. मुलगा चालत चालत आला, उंबऱ्याशी आला, पायावर डोकं ठेवलं. तेव्हा कुठे बापाने त्याच्याकडे बघितलं. झाली गोष्ट."

मला यातलं काही ऐकू आलं नाही. मी मिरचीचे खांदे बघत होते.

गोडबोल्याला मात्र गोष्ट फार आवडली. "किती खरं," तो म्हणाला. "बाप हलत नाही. लेकरानेच यावं लागतं, वाकावं लागतं. आमेन."

"आमेन," सगळ्या मुली म्हणाल्या.

आणि मग रांगेतून एक बोट वर झालं. आधी गुडघ्याएवढं, मग खांद्याएवढं. मिरचीचं बोट होतं. तिला स्वतःलाच ते आपलं वाटत नसावं, अशी ती त्याच्याकडे बघत होती.

"चूक," ती म्हणाली. आवाज घसा बसल्यासारखा. "बाप धावला. मुलगा अजून दूर होता तेव्हाच त्याला दिसला. आणि बाप धावत गेला. गळ्यात पडला त्याच्या."

गोडबोल्या रागावला नाही. रागावला असता तर मी त्याला माणूस म्हटलं असतं. तो हसला. "तुला कोणी विचारलं होतं? मोठ्यांची चूक काढली जाते का इथे?"

"नाही, बंधू."

"मग?"

आणि माझी मिरची, बाकावर चढून पाळकांना चुकलात म्हणणारी, ती गुडघ्यावर आली आणि कपाळ सतरंजीला टेकवून वन्संना म्हणाली, "माफ करा."

"माफी कसली?" वन्सं म्हणाल्या. आवाज अजूनही गोड. "बरोबर आहे तुझं. मी मुद्दाम चुकले होते. बाकी कोणी पकडलं नाही." आणि पर्स उघडून एक पेपरमिंट काढली, हिरव्या कागदातली, आणि मिरचीच्या कपाळासमोर सतरंजीवर ठेवली. "घे. तुझी आहे."

"हात लावू नकोस," खुर्ची म्हणाली.

मिरचीने हात लावला नाही. भेट संपली.

जिन्यातच मी वन्संवर तुटून पडले. "गोष्टी सांगायला आला होतात तुम्ही? पोरीला शेवटचं बघायचं, तर तिला नाक घासायला लावलंत! आणि वर पेपरमिंट! तिचं वय काय, परिस्थिती काय!" वन्सं खाली उतरल्यावर भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या, एवढंच. मला त्यांची कीव आली नाही. मी खोटं कशाला सांगू.

रविवार आला. आम्ही चर्चला गेलो नाही. ह्यांनी उगाच बूट पॉलिश केले, घालायचे नसलेले, आणि कोपऱ्यात ठेवले. दुपारी वन्सं वर आल्या. मला निमित्तच हवं होतं.

"झालं समाधान? गेली ती!"

"तिने पेपरमिंट घेतली असणार," वन्सं म्हणाल्या. "आपण गेल्यावर."

"घेतली नाही! मी दारातून वळून पाहिलं. तशीच पडली होती!"

"तू दारातून पाहिलंस. मी तिचा चेहरा पाहिला. ती घेणार होती."

"तुमचं आपलं तेच! तुमचा डोळा, तुमच्या बाटल्या! माझी मुलगी गेली आणि तुम्ही पेपरमिंटचं घेऊन बसलात!"

"तुझी एकटीची होती काय?"

"हो! माझी एकटीची!"

एवढी वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. सुटलेल्या टाक्यांपासून किडलेल्या दातांपर्यंत. मी ओरडत होते, वन्सं ओरडत होत्या, आणि आमचे हे, जन्मात आवाज न चढवलेले, मधे उभे राहून "बास करा! बास!" असे ओरडत होते. त्यामुळे बेल कोणालाच ऐकू आली नाही.

"दोघींचंही चूक," कोणीतरी म्हणालं.

दार ढकलून मिरची आत उभी होती. पांढरा झगा, घामाने चिकटलेला, आणि पायात कोणाच्यातरी चपला, दोन्ही डाव्या.

कोणी हललं नाही. बाप धावला, आई गळ्यात पडली, असं काहीही झालं नाही. आम्ही तिघं तोंडं उघडी टाकून उभे होतो.

"पेपरमिंट मी घेतली नाही," मिरची म्हणाली, "आणि ती तशीच पडूनही राहिली नाही. त्याने खाल्ली." ती भिंतीला टेकली. "तुम्ही गेल्यावर मला उपास दिला. बोलले म्हणून. संध्याकाळी ती खोली झाडायला पाठवलं. तो पाठमोरा उभा होता. कागदाचा आवाज आला. तोंडात टाकली आणि वळून कागद माझ्या हातात दिला. टाकून दे म्हणाला. मला बाकी काही वाटलं नाही, आत्या. देव नाही, नरक नाही, काही नाही. एवढंच वाटलं की चूक मी पकडली होती. पेपरमिंट माझी होती."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"मग आज सकाळी शपथेला उभं केलं. तो म्हणाला, माझ्यामागून म्हण. तोंडातून 'चूक' एवढंच येत होतं. दुसरं काही येईचना. तो पुन्हा म्हणाला, मी पुन्हा चूक म्हटलं. मग उठले. दाराशी माझ्या चपला सापडेनात, सापडल्या त्या घातल्या. मागून सगळी गात होती."

आता माझे पाय सुटले. मी तिला धरलं. हाडांचा नुसता सापळा. आणि माझ्या तोंडाला तर ठिगळ बसत नाही, मी सुरू झाले, "चल, आत चल, आधी ते सोंग अंगातून काढ, पाय धू, मी ताट वाढते, जेव आणि झोप, बोलायचं नाही आता काही..."

"आई!" मिरची म्हणाली. "आल्या आल्या हुकूम सोडू नकोस. भूक लागली की मी सांगेन. पाय मळलेत ते मला दिसतायत."

उलट बोलली. माझ्या तोंडावर, सरळ, उलट बोलली. मी तिथेच मशीनच्या स्टुलावर बसले आणि अशी रडले की खालचे शेजारी वर आले.

वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली होती आणि आत चाचपत होत्या. एक कप्पा, दुसरा कप्पा. मग पर्स माझ्या शिवणाच्या टेबलावर उलटी केली. किल्ल्या, चष्मा, रुमाल. पेपरमिंट नव्हती. कालची शेवटची होती. त्या बाईने रिकामी पर्स पुन्हा एकदा झटकली.

"राहू दे आत्या," मिरची म्हणाली. "उद्या दे."

"उद्या कशाला?" हे म्हणाले, आणि दाराबाहेर गेले.

आम्ही तिघी खिडकीशी गेलो. वाण्याचं दुकान रस्त्याच्या पार टोकाला. जिन्याखाली उभं राहून वर बघणारा, उसासे टाकणारा तो माणूस, पायात मोजेसुद्धा नाहीत, भर दुपारी रस्त्याच्या मधून लंगडत लंगडत धावत होता. समोरून येणारी सायकल थांबली, लोक बघायला लागले.

"बाबा, हळू!" मिरची खिडकीतून ओरडली. त्यांनी ऐकलं नाही.